तबकडी मागे पडायची तेव्हा

ईशान, अनया,

यातलं एक अक्षरही मी आजवर कुणाशी बोललेले नाही. तुमच्या आजोबांशीसुद्धा नाही, आणि त्यांच्याशी मी काय बोलत नव्हते? ते गेले तेव्हा वाटलं, आता सांगायला कुणी उरलंच नाही. वाटून बरं वाटलं — हेही इथेच लिहून ठेवते.

आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, असं मी स्वतःला सांगत होते. पण सोपं कुणाला गेलं असतं? शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं. त्या भाषेत मला नीटनेटकं लपता येतं. मराठीत नाही जमत. आणि तुम्हाला देवनागरी वाचता येतं, ते तुमच्या आईने दर आठवड्याला समोर बसवून, रागावून, लाडीगोडी लावून शिकवलं म्हणून. म्हणजे हे तुमच्यापर्यंत पोचतंय ते तिच्याच कष्टांवर.

आता का? ईशान, परवा व्हिडिओ कॉलवर तू माझ्यामागे भिंतीवर काहीतरी पाहिलंस. "आजी, तो डायनोसॉर अजून जिवंत आहे? काढून टाक. मी फोनवर चालणारा पाठवतो. इथून बटण दाबलं की तिथे तुझं पाणी गरम. तू फक्त बादली लाव." आणि मागून अनया ओरडली, "दादा बटण दाबायला विसरला, की आजीची आंघोळ थंड पाण्याने!" तुम्ही दोघं हसलात, मीही हसले. तुमची आई पडद्याच्या कडेला अर्धीच दिसत होती. फोन ठेवल्यावर मी बाथरूमबाहेर जाऊन उभी राहिले, त्या डायनोसॉरसमोर. काढायला हरकत काहीच नाही. पण तो कशासाठी लावला आणि मी त्याचं काय केलं, हे सांगितल्याशिवाय तो भिंतीवरून उतरवायचा — ते मला जमेना.

तुमच्याकडे नळ सोडला की गरम पाणी येतं. इथे डोंबिवलीत तेव्हा आमच्या बाथरूमवर एकच गिझर होता आणि त्याचा जाड स्विच बाहेरच्या भिंतीवर, वर लाल दिवा. घरातला नियम असा की गिझर लावायचा, पाणी तापू द्यायचं, स्विच बंद करायचा आणि मगच आंघोळीला जायचं. शॉक बसेल ही भीती. एकाची आंघोळ झाली की दुसऱ्याने पुन्हा लावायचा. "बंद केला का?" हा आमच्या घरातला सकाळचा पहिला प्रश्न असायचा.

तुमचे आजोबा तो प्रश्न विचारायचे, पण बंद करायला हमखास विसरायचे. एकदा लाल दिवा तसाच ठेवून ते भाजीला गेले, मी शाळेत. परत आले तर नळातून पाण्याऐवजी वाफ फुसफुसत होती आणि बाथरूमची भिंत घामेजलेली. त्या दिवशी मी ठरवलं की माणसांवर विसंबायचं नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने स्विच काढला आणि त्या जागी टायमर बसवला — पांढरा डबा, मध्ये एक गोल तबकडी, तिच्या कडेला बारीक बारीक दाते. ज्या वेळेला पाणी तापायला हवं त्या वेळेचे दाते आत दाबायचे. तबकडी घड्याळासारखी हळूहळू फिरते, दाबलेले दाते खुणेपाशी आले की गिझर चालू, पुढे सरकले की बंद. "आता बघायला नको, बाई," तो म्हणाला. "फक्त सगळ्यांनी हात नका लावू. एकानेच काय ते बघा."

ते एक माणूस मी. आणखी कोण असणार?

तुमची आई तेव्हा लग्न होऊन नवीनच आलेली. ती ठाण्याला, नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांची रांग उजाडायच्या आत लागते, त्यामुळे तिला आमच्या सगळ्यांआधी, अंधारातच घर सोडावं लागे. मी दाते लावले ते तिच्या वेळेसाठी. पहाटे तिच्यापुरतं पाणी, मग बराच खंड, मग आमच्यासाठी. सगळ्यांनी कौतुक केलं. सुनेच्या सोयीने घर चालवणारी सासू! तुमचे बाबा तर शेजारीपाजारी सांगत सुटले.

टायमरच्या खोक्यात एक चिठोरं होतं, चार घड्या घातलेलं, मुंगीएवढ्या इंग्रजीत छापलेलं. असली चिठोरी घरात मी एकटीच वाचते — शेवटच्या ओळीपर्यंत. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, वीज गेली की तबकडी थांबते. वीज आल्यावर ती जिथे थांबली तिथूनच पुढे निघते, म्हणून हाताने फिरवून खऱ्या वेळेवर आणावी. दुसरी, डब्याच्या बाजूला एक छोटी खटकी आहे, ती सरकवली की तबकडी काहीही दाखवत असो, गिझर लगेच चालू होतो.

मी चिठोरं घडी घालून खणात ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. तेव्हा मनात काही नव्हतं, हे खरं आहे. असं मला वाटतं. एकानेच बघायचं आहे ना, मग बाकीच्यांना कशाला?

आमच्याकडे वीज जायची ती बहुतेक शुक्रवारी, दुरुस्तीसाठी, कधीकधी सकाळी गेली की दुपार उलटून जायची. पहिल्या काही शुक्रवारी मी शाळेतून आल्यावर न चुकता तबकडी पुढे फिरवली. बोटाखाली टिकटिक दाते सरकायचे. आवडायचं मला ते. घर माझ्या बोटावर चाललंय, असं काहीतरी.

मग एका शुक्रवारी मी विसरले. खरंच विसरले — शाळेत वार्षिक तपासणी होती. शनिवारी सकाळी उठले तेव्हा तुमची आई कधीच निघून गेली होती. मी आंघोळीला गेले, पाणी कढत. इतकं कढत की विसण घालावं लागलं. आणि तेव्हा डोक्यात आलं: काल वीज गेली होती, तबकडी मी फिरवलीच नाही. तिच्या वेळेचं पाणी आत्ता तापलंय. म्हणजे तिच्या वेळेला थंड होतं. डिसेंबर होता. डोंबिवलीचा डिसेंबर तुम्हाला हसण्यासारखा वाटेल, पण टाकीत रात्रभर साठलेलं पाणी पहाटे अंगावर घेऊन बघा.

संध्याकाळी ती आली. मी वाट पाहत होते, ती काहीतरी बोलेल, मग मी म्हणेन, अगं चुकलंच माझं. ती काहीच बोलली नाही. नेहमीसारखी मोठ्याने हसत, चपला काढता काढताच बाबांना लॅबमधली कुठलीशी गंमत सांगत आत आली. आणि मला राग आला. कशाचा? तक्रार न केल्याचा? थंड पाण्याने तिचं काहीच बिघडलं नाही, याचा?

आता इथे मला थांबून नीट लिहायला हवं, नाहीतर मी पुन्हा कडेकडेने निघून जाईन.

तुमची आई ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळी घरातली. तुमच्या बाबांनी तिचं नाव सांगितलं तेव्हा मी एका क्षणात हो म्हटलं. नातेवाइकांत मान ताठ करून सांगितलं की आम्ही असलं काही मानत नाही. आणि मला ते खरं वाटत होतं. रविवारी ती मासे तळायची, तेव्हा मी खिडक्या उघडायचे आणि म्हणायचे, "उकडतंय गं." तिच्या माहेरची माणसं आली की मी सगळ्यांत चांगल्या कपबश्या काढायचे — आणि ती गेल्यावर त्या वेगळ्या धुवायचे. तिला कधी एक वाकडा शब्द बोलले नाही. बोलले असते तर? ती बोलायला काही कमी नव्हती, उलटून बोलली असती, भांडलो असतो आम्ही, कदाचित मिटलंही असतं. मी बोलले नाही. मी चांगली होते. सगळी कॉलनी म्हणायची, मी किती चांगली आहे.

पुढच्या शुक्रवारी वीज गेली आणि आली. मी दिवेलागणीला बाथरूमबाहेर गेले. तबकडी मागे पडलेली दिसत होती. बोट लावलं. आणि काढून घेतलं.

एवढंच. मी काही केलं नाही — केलं ते हेच.

त्यानंतर दोन हिवाळे मी हे करत राहिले. प्रत्येक वेळी नाही. कधी मन प्रसन्न असलं की फिरवायचे. तिने मला आवडती साडी आणली त्या आठवड्यात फिरवली. बाबा तिच्या एखाद्या विनोदावर फार वेळ हसले की नाही फिरवली. शनिवारी आमच्या वेळेआधी मी तबकडी गुपचूप जागेवर आणायचे, म्हणजे दिवसभर कुणी पाहिलं तरी सगळं बरोबर. बाजूची ती खटकी तर मी कुणाला कधी दाखवलीच नाही. गॅसवर पातेलं ठेवायला तिला वेळ नसायचा, आणि भांड्यांच्या आवाजाने आम्ही जागे होऊ म्हणून ती ठेवायचीही नाही. हे मला माहीत होतं. कारण पहाटे मी जागी असायचे. भिंतीपलीकडून पहिला तांब्या अंगावर पडल्याचा आवाज यायचा, आणि त्यानंतर एक क्षण अगदी शांत. श्वास रोखल्यासारखा. त्या क्षणासाठी मी जागी राहायचे का? मुलांनो, हा प्रश्न मी स्वतःला फार विचारलाय.

दुसऱ्या हिवाळ्यात तिला ताप आला. दोन दिवस रजा घेतली, तिसऱ्या दिवशी, शनिवारी, कामावर जायचं म्हणाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, अंगावर गार पाणी घ्यायचं नाही. आदल्या दिवशी शुक्रवार. दुपारभर वीज नव्हती.

मी तबकडीपुढे उभी राहिले. ताप आहे तिला, हे मला ठाऊक होतं. मीच तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, आणि त्या ठेवताना माझा हात अगदी मायेने चालत होता. तोच हात तबकडीपर्यंत गेला आणि खाली आला. त्या दिवशी काय झालं होतं? काहीच नाही. राग नव्हता. सवय झाली होती.

पहाटे ती बाथरूममधून ओली न होताच बाहेर आली. पहिल्यांदाच. आमच्या खोलीचं दार ढकलून म्हणाली, "आई, पाणी तापलंच नाहीये हो."

आणि मी उठून बसत म्हणाले, "टायमरला कुणी हात लावला का?"

बघा, हे खोटंसुद्धा नाही. नुसता प्रश्न. तुमचे बाबा डोळे चोळत बाहेर आले, डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "दर्शना, तू फिरवलंस का काही? आई किती वेळा सांगते, त्याला हात लावू नका म्हणून!"

ती शालीत उभी, डोळे लाल. विचारात पडली. खरोखर आठवून पाहत होती. मग म्हणाली, "काल कपडे वाळत घालताना काठी आडवी धरली होती... लागला असेल माझा धक्का."

तिने स्वतःच स्वतःचा गुन्हा शोधून काढला आणि माझ्या हातात दिला. मी घेतला. चष्मा लावला, तबकडीपाशी गेले आणि सगळ्यांसमोर ती टिकटिक करत योग्य वेळेवर आणली. बाबा म्हणाले, "बघ. आई आहे म्हणून चाललंय हे घर." ती म्हणाली, "हो ना." आणि वेळ झाली होती म्हणून तशीच, हातपाय धुऊन निघून गेली.

ताप नंतर आठवडाभर लांबला. पाण्यामुळे नसेल, त्या दिवशी तिने आंघोळ केलीच नव्हती. पण आधीच्या कितीतरी शनिवारांचं काय? डॉक्टर म्हणाले, हल्लीचे ताप लांबतात. मी ते वाक्य धरून ठेवलं.

तिची आई तिला बघायला आली. तुमची ती नानी तुम्हाला आठवत नसेल, तेव्हा तर तुम्ही दोघंही जन्मला नव्हतात. डब्यात गरम रस्सा घेऊन आली होती. लेकीजवळ बसली, घरभर नजर फिरवली, बाथरूमबाहेरच्या डब्यावर थांबली. कोणीतरी सांगितलं असणार तिला. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमी माजे पोरीला लय जपता हो विहीनबाय. तिचे पान्यासाटी भिंतीला घड्याल लावलाव."

मी म्हणाले, "अहो, मुलगीच आहे ती माझी." आणि चहा टाकायला आत गेले. कपबश्या त्याच, चांगल्या.

त्यानंतर मी तबकडी कधी मागे राहू दिली नाही. पण खरं कुणाला सांगितलंही नाही. आणि मी थांबले त्याने काय झालं? घरात आता ठरून गेलं होतं की दर्शना धांदरट आहे. मिक्सरचं भांडं अडकलं, टीव्हीचा रिमोट चालेना, लिफ्टचं दार लागेना — तिच्याकडे बघायचं. आजोबा प्रेमाने चिडवायचे, "सूनबाई, तुम्ही लांबूनच बघा." गिझर लावून विसरणारे आजोबा! ती हसायची. हळूहळू वस्तूंना हात लावण्याआधी विचारायला लागली. लॅबमध्ये केवढी मोठी यंत्रं चालवणारी मुलगी, घरात पंख्याचा वेग बदलतानाही विचारायची, "आई, करू का?" मी म्हणायचे, "कर की गं, त्यात काय विचारायचं?"

ईशान पोटात असताना त्यांनी ठाण्याला, कोपरीत घर घेतलं, तिच्या माहेराजवळ. कॉलनीत लोक बोलले की सुनेने मुलाला तोडलं. माझ्यासमोर बोलले. मी म्हणाले, "जाऊ द्या हो, मुलांची सोय महत्त्वाची." किती मोठ्या मनाचं वाक्य आहे, नाही? ते ऐकून लोकांना उलट माझीच कीव आली. तुम्हीही कुणाकडून तरी ऐकलं असेल की आई-बाबा डोंबिवलीहून का गेले. ते खोटं आहे. तुमच्या आईने कुणालाही तोडलं नाही.

जायच्या दिवशी शनिवार होता. खाली टेम्पो लागलेला, बाबा खोकी उतरवत होते, आजोबा त्यांच्या मागे मागे दोऱ्या देत. मी आतून आले तर तुमची आई बाथरूमबाहेर उभी. पोट सांभाळत, एक हात भिंतीला टेकवून. दुसऱ्या हाताने ती तबकडी फिरवत होती. टिकटिक. अगदी बरोबर वेळेवर आणून थांबली. शुक्रवारी वीज गेली होती आणि सामानाच्या गडबडीत माझं राहून गेलं होतं — त्या वेळी खरंच राहून गेलं होतं.

तिने मला पाहिलं. दचकली नाही. म्हणाली, "काल लाईट गेली होती ना, आई. तुमच्या आंघोळीची वेळ चुकली असती."

मग बोटाने ती बाजूची खटकी एकदा हलकेच पुढे सरकवली, परत मागे घेतली, आणि वाकून माझ्या पाया पडली.

तिला कधीपासून माहीत होतं? त्या पहाटे, शालीत उभी असताना? की त्यानंतर, एकटी असताना तिने डबा नीट पाहिला? नुसतं यंत्र कळलं होतं, की मीही कळले होते? मी विचारलं नाही. पुढे कोपरीला कितीदा गेले, विमानतळावर तुम्हाला निरोप द्यायला उभी राहिले, तिकडे तुमच्याकडे येऊन राहिले — कधीच विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आधी सांगायला लागलं असतं.

मी मुलांना शाळेत सांगायचे, चूक झाली की हात वर करा. माझं वय झालं होतं, एकटी होते, काळ तसा होता — यातलं काहीही इथे लिहिणार नाही. वय झालेलं नव्हतं. एकटी नव्हते. एक मुलगी माझ्या घरात विश्वासाने आली होती आणि मी तिला थंड पाण्यात उभं केलं, मग त्याचा दोष तिच्याच अंगावर घातला. हे पत्र तुमच्या बाबांनीही वाचावं. आईलाही दाखवा, किंवा नका दाखवू. ते तुम्ही ठरवा.

मागच्या वर्षी मी तुमच्याकडे होते तेव्हा एका संध्याकाळी तुमचा डिशवॉशर बंद पडला. बाबा वरच्या मजल्यावरून ओरडले, "दर्शना, कशाला हात लावलास?" अनया, तू हसलीस. ईशान, तू म्हणालास, "आई टच!" — मला नंतर कळलं की तुमच्या घरात काहीही बिघडलं की त्याला हेच म्हणतात. मी सोफ्यावर बसले होते. तुमची आई ओट्यापाशी कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही. "लागला असेल माझा धक्का," ती म्हणाली.

ते वाक्य तुमच्या घरात अजून आहे.